विंडोज एक्सपीवरच्या जुन्या स्काडा पीसीचं (प्लांटचे आकडे स्क्रीनवर दाखवणारा) पीएलसीशी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) कम्युनिकेशन मधेच तुटतं. आयटीवाले म्हणतात पिंग येतोय, नेटवर्क ओके आहे. पीसी बदलावा का?

नका बदलू. आधी एवढं शोधा, की गेल्या वर्षभरात त्या नेटवर्कमध्ये नवीन काय आलं. नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबल जोडायचा डबा, बदलला का? सीसीटीव्हीवाल्याला मोकळा पोर्ट दिसला म्हणून तो कॅमेरा जोडून गेला का? इतकी वर्षं मुकाट चाललेला पीसी केवळ म्हातारा झाला म्हणून पीएलसीशी अबोला धरत नाही. हार्ड डिस्क गेली किंवा पॉवर सप्लाय उडाला तर पीसीच बसतो, कम्युनिकेशन तेवढं निवडून तुटत नाही.

खरं तर 'पिंग येतोय, नेटवर्क ओके आहे' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी एका अख्ख्या गळीत हंगामाच्या सुरुवातीला रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ऐकलंय.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात. कारखाना सहकारी आहे, नाव सांगत नाही. आमच्या बॉयलरचा स्काडा एक्सपीवर, लायसन्सचा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागे जुन्या पॅरलल पोर्टला, त्यामुळे नव्या मशीनवर उचलून टाकायची सोय नाही. ऑफ-सीझनला कॉम्प्युटर सेक्शनने प्लांटमधले सगळे स्विच बदलले. त्याबद्दल तक्रार नाही, जुन्यांच्या आत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा थर बसला होता. फक्त आम्हाला कुणी विचारलं नाही. मोळी पडली, मिल सुरू झाली, आणि बॉयलर लोडवर आला तसे स्क्रीनवरचे आकडे गोठायला लागले. ड्रम लेव्हल, स्टीम प्रेशर, फर्नेस ड्राफ्ट, सगळ्या जागी फुल्या. कंट्रोलचे लूप पीएलसीमध्ये चालतात, म्हणून बॉयलर ट्रिप होत नव्हता, पण ऑपरेटर आंधळा. एक जण वर गेज ग्लासपाशी (पाण्याची लेव्हल दाखवणारी काच) उभा राहून लेव्हल ओरडून सांगतोय, खालचा वॉकीटॉकी कानाला लावून बसलाय, आणि यार्डात उसाच्या गाड्यांची रांग. मिनिट-दोन मिनिटांनी आकडे आपोआप परत यायचे.

कॉम्प्युटर सेक्शनचे साहेब आले, कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएलसीला पिंग मारला. रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय. 'नेटवर्क ओके. पीसी आउटडेटेड.' लगेच व्हेंडरचं कोटेशनही आलं: नवा पीसी, सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन, सगळे स्क्रीन कन्व्हर्ट करायचे वेगळे पैसे. आकडा लाखांत. जुनं मशीन दिसलं की त्याच्यावर खापर फोडायला फार अक्कल लागत नाही.

आमच्या एका शिफ्ट ऑपरेटरने मात्र कामाची गोष्ट सांगितली: 'साहेब, ट्रेंड (मागच्या आकड्यांचा आलेख) उघडला की हमखास जातंय.' आमचा हिस्टरी डेटा सर्व्हरवर जातो आणि ट्रेंड तिथूनच येतो. म्हणजे वायरवर दोन्हीकडून एकदम गर्दी झाली की घोटाळा. मी त्याला ट्रेंड उघडायला सांगून शेजारी नेटस्टॅट -ई ही कमांड मारत बसलो. ती एक्सपीत मुळातच असते, काही इन्स्टॉल करायला नको. त्यात एररची एक ओळ येते. ट्रेंड बंद, आकडा जागच्या जागी. ट्रेंड उघडला, प्रत्येक वेळी आकडा वाढलेला.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये गेलो. स्पीड अँड ड्युप्लेक्ससमोर '100 एमबीपीएस फुल ड्युप्लेक्स' असं ठोकून बसवलेलं. फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. कमिशनिंगवाल्याने तेव्हा ते मुद्दाम केलं होतं आणि बरोबर केलं होतं. सुरुवातीच्या फास्ट इथरनेट कार्डांचं ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापसात सेटिंग ठरवणं, भरवशाचं नसायचं, म्हणून कार्ड आणि स्विचचा पोर्ट दोन्ही हाताने फिक्स करायची पद्धत होती. जुना स्विच तसाच सेट केलेला होता. नवा आला तो ऑटोवर. आता गंमत अशी, की एक बाजू फिक्स असली तर ऑटोवरच्या बाजूला सिग्नलवरून स्पीड ओळखता येतो, ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे ती हाफ ड्युप्लेक्स धरते. एकाच्या लेखी रस्ता दुहेरी, दुसऱ्याच्या लेखी एकेरी. पिंग एक पॅकेट पाठवतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढचं पाठवतो. समोरासमोर यायची वेळच येत नाही, म्हणून पिंग कायम हसतमुख. खरा डेटा दोन्हीकडून सुटला की टक्कर, पॅकेट फुकट, आणि पुरेशी फुकट गेली की स्काडा कनेक्शन सोडून देतो.

क्लीनिंगच्या शटडाऊनला कार्ड ऑटोवर टाकलं. तीन-चार क्लिकचं काम. एररचा आकडा तिथेच थांबला. मीटिंगमध्ये सांगितलं तर साहेब म्हणाले, 'पण पीसी जुनाच आहे ना?' चेअरमन बसले होते म्हणून तेव्हा मी मूग गिळून बसलो. साहेब हे वाचत असतील तर सांगतो: हो, जुना आहे. आणि चालू आहे.

तुमच्याकडे हेच असेल असं नाही. नेटस्टॅट -ईचा आकडा हलत नसेल तर दुसरा संशय डुप्लिकेट आयपीचा. शटडाऊनमध्ये पीएलसीची केबल काढा आणि त्याच अॅड्रेसला पिंग मारा. तरीही रिप्लाय आला तर त्या अॅड्रेसवर दुसरंच कुणी बसलंय, एआरपी -ए ही कमांड मारून त्याचा मॅक अॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा नंबर) बघा. नेटवर्क कार्ड बदललं असेल आणि 'हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे' असा मेसेज येत असेल, तर काढलेल्या कार्डाचं भूत एक्सपीत राहिलंय. नुसतं 'शो हिडन डिव्हायसेस' केल्याने ते दिसत नाही, आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करावं लागतं. ओपीसीवरून (स्काडाचा डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची पद्धत) दुसरा पीसी डेटा उचलत असेल आणि तेवढंच बंद पडलं असेल, तर त्या दुसऱ्या पीसीचे विंडोज अपडेट बघा. मार्च 2023 पासून मायक्रोसॉफ्टने डीकॉमची (जुनं ओपीसी ज्यावर चालतं ती विंडोजची यंत्रणा) कडक सिक्युरिटी सक्तीची केली, ती बंद करायची सोयही काढून घेतली.

एक राहिलंच. हे सगळं इथरनेटचं झालं. तुमची केबल जांभळी असेल, म्हणजे प्रोफीबस (इथरनेटऐवजी वापरायचं प्लांटमधलं वेगळं नेटवर्क), तर वरचं विसरा आणि कनेक्टरवरचे टर्मिनेशन स्विच तपासा. दोन टोकांचे ऑन, मधले सगळे ऑफ. मधला एखादा ऑन राहिला तर पुढची लाइन तुटते. केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकली असेल तर तेही बघा.

आणि बॉयलर चालू असताना ड्युप्लेक्सच्या सेटिंगला हात लावू नका, बदलताना लिंक क्षणभर पडते. त्याआधी हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, काढून ठेवा. 'बदलू नका' म्हणालो याचा अर्थ एक्सपी ऑफिसच्या नेटवर्कला किंवा इंटरनेटला जोडून ठेवा असा नाही. त्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपलाय, आणि मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मध्ये फायरवॉल हवीच. आयटीचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

फक्त कंट्रोल नेटवर्कच्या स्विचची किल्ली इन्स्ट्रुमेंटकडे असावी, आयटीकडे नाही. आमच्याकडे आता तशी आहे. पॅनलच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: कुठला पोर्ट कुणाचा, ऑटो की फिक्स, तारीख, सही. तुमच्या स्विचचा मॉडेल नंबर आणि एररचा आकडा कळवा, मग पुढचं बोलू.