पाणी वाढलं म्हणून कोण दार उघडतं?

"कॅन्सर आहे म्हणतात, आणि साधी गोळीसुद्धा देत नाहीत."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आमच्या शहरातले एक रक्तविकारतज्ज्ञ त्यांचे धास्तावलेले पेशंट माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवतात. त्यातल्या बऱ्याच जणांना एकच आजार असतो, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. बी लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात साठत जातात, पण बहुतेकांच्यात फार सावकाश. कित्येकांना वर्षानुवर्षं काही त्रास नसतो. साधारण एक तृतीयांश लोकांवर तर उपचारांची वेळ कधी येतच नाही. म्हणून डॉक्टर सांगतात, "तीन महिन्यांनी सीबीसी करून या." सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. डॉक्टरांच्या लेखी ही चांगली बातमी असते. घरी पोचेपर्यंत तिचं काय होतं, ते विलासरावांच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्यात.

विलासराव एकसष्ट वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी अठ्ठावीस हजार. मग फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी, आणि निदान. माझ्याकडे आले तेव्हा पाच महिने झाले होते आणि फाइलमध्ये पंधरा सीबीसी होते, चार वेगवेगळ्या लॅबचे. पुण्याला एक आणि मुंबईला एक अशी आणखी दोन मतं घेऊन झाली होती. तिघाही डॉक्टरांचं म्हणणं एकच.

"अठ्ठावीसचे एकतीस झाले, मग एकोणतीस, आता चौतीस. मॅडम, हे चढतंय. कुठवर चढू द्यायचं?"

मंदाताई शेजारी पदर आवळून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कॅलेंडरवर मी दुधाचे खाडे लिहिते ना, त्या चौकोनांत हे आता काउंट लिहितात. लाल पेनाने. रोज चहा ओतताना माझ्या डोळ्यांसमोर तेच."

मी "काळजी करू नका" म्हणाले नाही. ते मी कुणालाच म्हणत नाही. नातेवाईक, शेजारी, मॉर्निंग वॉकचा ग्रुप, सगळे ते म्हणतच असतात. "पॉझिटिव्ह राहा" हे ऐकून माणूस आणखी एकटा पडतो, कारण आता त्याला भीती वाटायचीही चोरी होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे आणि इतक्या वर्षांच्या कामात तो वाढतच गेलाय. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो. म्हणून मी विचारलं, "डॉक्टर औषध देत नाहीत, याचा तुम्ही काय अर्थ लावलात?"

बराच वेळ ते फाइलची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "हात टेकलेत. सांगत नाहीत इतकंच."

हे असंच असतं. आपल्याकडे ब्लड कॅन्सर म्हटलं की सिनेमातला शेवटचा सीन डोळ्यांसमोर येतो, आणि औषध नाही म्हटलं की आशा नाही असं आपण परस्पर ठरवून टाकतो. अशा वेळी मी सरळ माहिती देते. भीतीला फार समजावण्यापेक्षा तिच्यासमोर खरी गोष्ट ठेवावी, या मताची मी आहे.

त्यांना सांगितलं, की लवकर औषध द्यायचा प्रयोग डॉक्टरांनी करून पाहिलाय. फ्रान्समध्ये त्रास नसलेल्या पेशंटना सुरुवातीलाच क्लोरॅम्ब्युसिल हे केमोथेरपीचं औषध दिलं गेलं. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले, की थांबलेल्यांपेक्षा ते जास्त जगले नाहीत. पुढे जर्मनीत इब्रुटिनिब या नव्या पिढीच्या गोळीचीही तशीच परीक्षा झाली. आजार पुढे सरकायला उशीर झाला, पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि दुष्परिणाम मात्र सोसावे लागले. म्हणजे थांबणं हा पुराव्यावर बेतलेला निर्णय आहे.

त्यांच्या रिपोर्टवर 'राय स्टेज ०' असं होतं. ही पायऱ्यांची पद्धत १९७५ साली डॉ. कांती राय यांनी बसवली. जन्म जोधपूरचा, काम अमेरिकेतलं. मला या पद्धतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. शून्य म्हणजे फक्त रक्तात लिम्फोसाइट वाढलेल्या. पुढच्या पायऱ्या ठरतात त्या गाठी, पानथरी (प्लीहा) किंवा यकृताची वाढ, कमी झालेलं हिमोग्लोबिन आणि कमी झालेल्या प्लेटलेट्स यांवर. पांढऱ्या पेशींचा आकडा किती चढला, यावर पायरी बदलतच नाही. विलासराव कॅलेंडरवर नेमका तोच एक आकडा लिहीत होते.

त्यांनी सगळं ऐकलं, डायरीत टिपून घेतलं. पुढच्या खेपेला मंदाताई म्हणाल्या, "समजलंय सगळं ह्यांना. पण रात्री दोनला उठून आरशासमोर मान चाचपतात." डोक्यात शिरलेलं मनात उतरायला वेगळी वाट लागते.

ती वाट चौथ्या भेटीत सापडली. ऑगस्टचे दिवस होते, बाहेर धो धो पाऊस. विलासराव खिडकीतून बघत म्हणाले, "धरणातनं विसर्ग वाढवलाय आज." मी सहज विचारावं तसं विचारलं, खरं तर सहज नव्हतं ते: "पाणी वाढलं की तुम्ही दार उघडायचात?"

ते माझ्यावर जवळजवळ उखडलेच. "पाणी वाढलं म्हणून कोण दार उघडतं, मॅडम? पाणी वाढण्यासाठीच धरण असतं!"

आणि मग पंधरा मिनिटं त्यांनी मला शिकवलं. टेबलावरचा पेपरवेट म्हणजे सांडवा, माझं पेन म्हणजे वक्राकार दरवाजा. पातळी किती हे बघायचं, पण त्याहून महत्त्वाची आवक. ताशी किती वेगाने चढतंय, पाणलोटात पाऊस किती, तारीख कोणती, खालच्या गावांत नदीची काय स्थिती आहे. उगाच दार उघडलं तर साठा गेला आणि खालच्यांची शेतं गेली. इतक्या भेटींत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकत होते. हात हलत होते, खांदे मोकळे झाले होते.

"पुराच्या दिवसांत दर तासाला मोजपट्टी वाचायची," ते म्हणाले.

"मग झोपायचात कधी?"

"झोपायचो की. पाळीवर माणूस असायचा. त्याला लिहून दिलेलं असायचं, अमुक पातळी ओलांडली, अमुक क्युसेकच्या वर आवक गेली, तर मला उठवायचं. नाहीतर नाही."

इथे मी काही बोलले नाही. ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. समुपदेशकाने कुठे बोलायचं हे लवकर कळतं, कुठे गप्प बसायचं हे कळायला वर्षं जातात. ती दोन-तीन मिनिटांची शांतता माझ्या कामातल्या मी जपून ठेवलेल्या क्षणांपैकी एक आहे. पावसाचा आवाज येत होता. त्यांनी पेपरवेट हातात घेतला, फिरवला, परत ठेवला.

"डॉक्टरांकडे अशी यादी असेल का हो?"

"विचारा."

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं. या माणसाला आकड्याची भीती नव्हती, जन्मभर त्याने आकडेच वाचले होते. पहिल्यांदाच त्याच्या हातात आकडा होता आणि सोबत नियम नव्हता. नियम नसला की माणूस स्वतःच एक बनवतो, आणि तो बहुतेक वेळा 'च'चा असतो: काउंट वाढताच कामा नये. असा नियम पाळणं कुणाच्याही रक्ताला जमणारं नाही. मग चोवीस तास पाळीवर एकटाच जागा राहतो माणूस.

पुढच्या वेळी त्यांनी एक कागद आणला. डॉक्टरांसमोर बसून, विचारून लिहिलेला. वर मथळा होता, 'मला उठवा'. हिमोग्लोबिन दहाच्या खाली घसरलं. प्लेटलेट्स लाखाच्या आत आल्या. लिम्फोसाइट दोन महिन्यांत निम्म्याहून अधिक वाढल्या किंवा सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन दहा टक्के उतरलं. जंतुसंसर्ग नसताना दोन आठवडे ताप १००.४ च्या वर राहिला. महिनाभराहून जास्त रात्री अंथरूण भिजेल असा घाम आला. गाठी किंवा पानथरी मोठी होऊन त्रास द्यायला लागली. खाली वेगळी रेघ मारून: कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण या आजारात प्रतिकारशक्ती कमी असते.

हा कागद त्यांचा आहे. तुम्हाला सीएलएल असेल तर तुमचा कागद तुमच्या डॉक्टरांसमोर बसून तुम्हीच लिहा, कारण प्रत्येकाच्या रेषा थोड्या वेगळ्या असू शकतात. आणि काही गोष्टी मी सगळ्यांनाच सांगते. एकच लॅब धरा, मशीन बदललं की आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी हौसेने रक्त तपासू नका. सर्दी-खोकल्यात आकडा हलू शकतो, तेव्हा रिपोर्टसोबत तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स आधी वाचा, पांढऱ्या पेशी नंतर. फ्लूची, न्यूमोनियाची, नागिणीची लस कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र टाळायच्या असतात. आणि व्हॉट्सॲपवरचा काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पिऊ नका. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या आहेत. घरचं म्हणून निर्धोक, असं नसतं.

घरच्यांसाठीही एक सांगायचंय. विलासरावांनी बंगळूरच्या मुलाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि सगळा भार मंदाताई एकट्या वाहत होत्या. त्यांना मी वेगळं बोलावलं. त्या रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला माझं कॅलेंडर परत पाहिजे." इतकी नेमकी मागणी फार थोडे जण करतात. त्या आठवड्यात मुलाला फोन झाला, काउंट डायरीच्या शेवटच्या पानावर गेले, तेही तीन महिन्यांतून एकदा. चौकोनांत पुन्हा दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख.

सगळं एकदम सरळ झालं असं नाही. रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप उडायची ती उडायचीच. ते ठीक आहे, पुराच्या रात्री पाळीवरचा माणूसही टक्क जागाच असतो. पण मधल्या दिवसांत त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन उरकलं, गावचं घर शाकारून घेतलं, नातवाला पोहायला शिकवलं. पुढे पांढऱ्या पेशी पन्नास हजारांवर गेल्या तेव्हा फोनवर मला म्हणाले, "पातळी वाढलीय, पण आवक संथ आहे."

अडीच वर्षांनी हिमोग्लोबिन घसरायला लागलं. साडेअकरा, मग साडेदहा, मग नऊ पूर्णांक सहा. कागदावरची पहिली ओळ. डॉक्टरांनी उपचार सुरू करायचे ठरवले, रोजच्या गोळ्यांचे.

त्या संध्याकाळी विलासरावांचा फोन आला. "मॅडम, दार उघडायची वेळ झाली." आवाज कामावरच्या माणसाचा होता. गोळी कशी घ्यायची, कोणत्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचं, पुढची तपासणी कधी, सगळं त्यांनी मला वाचून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाले, "रोज गोळी घेतली की खूण करायला जागा पाहिजे. मंदाला विचारलं, कॅलेंडरवर करू का. ती म्हणाली करा, पण शाई निळी वापरा, आणि दुधाची जागा सोडून."