आधी कागद, मग कोड

वडोदरा

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रदर्शनाचा आराखडा दोनदा वाचला. बारा वस्तू, प्रत्येकीखाली क्यूआर कोड आणि कोड उघडला की त्या वस्तूची माहिती. मी अडलो तो इथेच. जी माहिती पाटीवरच्या चार ओळींत मावते, तिच्यासाठी माणसाला खिशातून फोन का काढायला लावायचा?

तुझ्याकडे पणजोबांचं मोडीतलं पत्र आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत ट्रंकेच्या तळाशी अशी पत्रं अजून सापडतात. ती वाचणारं माणूस मात्र शोधावं लागतं. त्या पत्राची प्रत मूळ आकारात, खरखरीत कागदावर छाप आणि घडी घालून ठेव. घडी पाहणाऱ्यानेच उलगडावी. अक्षरं दिसतील, लागणार नाहीत. ती हुरहुर थोडी राहू दे. कोड अगदी आतल्या पानावर असावा. तो उघडला की मोडी जाणणाऱ्या एखाद्या आजींच्या आवाजात पत्र ऐकू यावं. एखादा शब्द न लागून त्या थांबल्या, पुटपुटल्या, तर तेही राहू दे, कापू नकोस. कागदाला जे देता येत नव्हतं ते इथे वेबने दिलं. बाराही वस्तूंना हीच कसोटी लाव. पाचच उरल्या तर पाचांचं प्रदर्शन कर, मला आनंदच होईल.

आता छपाईचं. कोडात घातलेला वेबपानाचा पत्ता जितका लांब, तितकी कोडातली काळी-पांढरी घरं वाढतात आणि बारीक होतात. नेहमीच्या क्यूआर कोडांत सर्वात लहान २१ गुणिले २१ घरांचा असतो, म्हणून पत्ता आखूड ठेव. भोवती चार घरांइतकी कोरी जागा सोडायलाच हवी. सजावटीच्या मोहात तीच आधी जाते. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची सर्वात वरची पातळी निवडलीस तर सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी कोड वाचला जातो, पण घरंही वाढतात. तेव्हा कोड घडीच्या रेषेवर येऊच देऊ नकोस. कागद मॅट घे. माझ्या एका प्रदर्शनात कार्डांना चकचकीत लॅमिनेशन केलं होतं. दिव्यांची तिरीप पडली की एकही कोड लागेना. लोक दोनदा प्रयत्न करून निमूट पुढे जात होते. ते पाहणं फार जड गेलं.

त्याहून मोठं दुःख नंतरचं. फुकटच्या सेवेवर ठेवलेली पानं वर्षभरात नाहीशी झाली आणि लोकांनी जपून नेलेली कार्डं मुकी झाली. छापलेलं बदलता येत नाही, म्हणून कोडात तुझ्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे तुझ्या नावावर घेतलेल्या संकेतस्थळाचा पत्ता घाल. तिथून पुढे कुठे पाठवायचं ते केव्हाही बदलता येतं.

पान उघडताच आवाज सुरू होईल असं धरू नकोस. बोट लागल्याशिवाय फोनचे ब्राउझर सहसा आवाज लावत नाहीत. एकच मोठं बटण दे, मराठीत आणि गुजरातीतही.

आणि ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांचं काय? सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली, तेव्हा इथून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात. वाचकाने शहरात यावं अशी अट नव्हती. तुझ्या टेबलाशीही एक साधा टॅब आणि हेडफोन असू दे, बसायला खुर्ची असू दे.

शनिवारी तीन कागदांवर तीन मापांत कोड छापून आण. संध्याकाळच्या उजेडात माझ्या जुन्या फोनवर लावून पाहू.

कळावे,
तुझे सर