जठराचा कॅन्सर: पोषणाच्या आकड्यांतून काय कळतं?

वडिलांना जठराचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर आहे. फाइलवर 'पीएनआय ३८' लिहिलंय. म्हणजे काय?

प्रोग्नॉस्टिक न्यूट्रिशनल इंडेक्स, म्हणजे पोषणावरून पुढचा अंदाज बांधायचा आकडा. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) गुणिले १०, त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या (घनमिलिमीटरमागे) गुणिले ०.००५ मिळवायची. अल्ब्युमिन ३.२ आणि लिम्फोसाइट १२०० असतील, तर ३२ अधिक ६, झाले ३८. जपानमध्ये ओनोडेरा यांनी १९८४ मध्ये हे सूत्र मांडलं ते शस्त्रक्रियेचा धोका जोखायला. पीएनआय ४० च्या खाली असेल तर आतडं कापून जोडणं धोक्याचं मानलं गेलं. आयुर्मानाच्या अंदाजासाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला.

मग ३८ म्हणजे किती महिने?

या आकड्यातून महिने निघत नाहीत. कमी पीएनआय असलेले रुग्ण सरासरीने कमी जगतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ती सरासरी गटाची. एकाच आकड्याचे दोन रुग्ण फार वेगळ्या वाटेने जातात. आजार कुठवर पसरलाय, रुग्ण स्वतःचं स्वतः किती करतो, गाठ हर-२ पॉझिटिव्ह आहे का (म्हणजे तिच्या पेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त आहे का), केमो लागू पडतेय का, हे सगळं त्यासोबत बघावं लागतं.

अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवल्या तर आकडा सुधारेल ना?

रिपोर्ट सुधारेल, काही दिवस. हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, म्हणून स्पष्टच सांगतो: अल्ब्युमिन फक्त कमी खाण्याने उतरत नाही. शरीरात दाह पेटला की यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढवतं. म्हणूनच ग्लासगो प्रोग्नॉस्टिक स्कोअर या कॅन्सरमधल्या दुसऱ्या अंदाजाच्या मोजमापात दोन्ही बघतात: सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर, अल्ब्युमिन ३.५ च्या खाली. बाटलीने दाह शमत नाही.

दोन आठवड्यांत आकडा बराच बदलला. लॅब चुकली का?

बहुधा नाही. केमो आणि उलटीसाठीचं स्टेरॉइड लिम्फोसाइट खाली आणतात. अंगातलं पाणी कमी झालं की अल्ब्युमिन उगाच चढं दिसतं.

घरी आम्ही कशावर लक्ष ठेवायचं?

वजनावर. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ६० किलोचा माणूस ५७ च्या खाली, ही डॉक्टरांना सांगायचीच गोष्ट. मात्र पोटात पाणी साठलं असेल तर काटा फसवतो. तेव्हा कानशिलं, दंड, पोटऱ्या खंगल्यात का ते बघा. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर पुढच्या केमोची वाट न बघता आहारतज्ज्ञांना गाठा.