जुना चित्रपट, नवा प्रोजेक्टर

प्रश्न : मंडळात ज्येष्ठांसाठी ‘संत तुकाराम’ दाखवायचाय. चाचणीत माणसं पसरट दिसली, अभंगांत खरखर आली. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : प्रभातचा हा १९३६चा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीतला. प्रोजेक्टर तो आजच्या रुंद चौकटीत, म्हणजे १६:९मध्ये, आडवा ताणतोय. मेनूत ‘आस्पेक्ट’ (चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ४:३ करा. बाजूचे काळे पट्टे राहू द्या. ‘झूम’ करून घालवलेत, तर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचं कपाळ वरून कापलं जाईल, आणि तो चेहरा तर पूर्ण दिसायलाच हवा! खरखरीसाठी ट्रेबल (वरच्या स्वरांची पातळी) थोडा उतरवा. त्या काळच्या ध्वनिपट्टीवर फार वरचे स्वर नसतातच, तिथे ऐकू येते ती बहुतेक खरखरच. मात्र जास्त उतरवलात तर अभंगाचे शब्द गुदमरतात. स्पीकर पडद्यालगतच ठेवा.