शाहूवाडी-गगनबावड्यात आरोग्य कर्मचारी खरंच कमी आहेत का, हे प्रबंधात कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: पदव्युत्तर प्रबंधाला सहा महिने आहेत, कोल्हापूर जिल्ह्यातले शाहूवाडी आणि गगनबावडा हे तालुके घेतलेत, आणि 'कामावर समाधानी आहात का' अशी प्रश्नावली शंभर जणांकडून भरून घेतली तर चालेल का?

प्रबंध पास होईल, पण हाती काही लागणार नाही. त्यातून 'रिक्त पदं भरा, मानधन वाढवा' एवढंच निघतं, आणि ते जिल्हा परिषदेत शिपायालाही पाठ असतं. त्यापेक्षा कामाचा भार मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची 'विस्न' (WISN) ही पद्धत त्यासाठीच आहे: कामाच्या भारावरून किती कर्मचारी लागतात ते ती काढते. तिची ताजी सुधारित पुस्तिका वापरा. आपल्याकडे पदं डोक्यांवर मंजूर होतात: सपाटीला ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी भागात ३,००० मागे. पण करवीरमधल्या एका मोठ्या गावातले ३,००० आणि गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर विखुरलेले ३,००० हे एकच काम नव्हे. हा फरक आकड्यात आणणं हाच तुमचा प्रबंध.

एकच संवर्ग घ्या, आरोग्य सेविका (उपकेंद्रातली एएनएम). आधी वर्षाचा हाती राहणारा वेळ काढा. आठवड्याला सहा दिवस धरले तर ३१२ दिवस. त्यातून समजा सुट्ट्या २०, रजा ३८, आजारपण ४, प्रशिक्षण १० वजा केले की २४० उरतात. रोजचे ७ तास धरून १,६८० तास. (रजेचे आकडे नियमातून उचलू नका, हजेरीपटावरून प्रत्यक्ष घेतलेल्या रजा काढा.) मग प्रत्येक सेवेला किती वेळ लागतो ते ठरवा. एका गरोदर मातेच्या तपासणीला २० मिनिटं धरली तर एक सेविका वर्षाला ५,०४० तपासण्या करू शकते. उपकेंद्रात वर्षाला १,२६० होत असतील तर त्या कामाला ०.२५ सेविका लागते. अशा सगळ्या सेवांची बेरीज समजा ०.९० आली. अहवाल, बैठका, ऑनलाइन नोंदी यांत २५ टक्के वेळ जात असेल तर ०.९० ला ०.७५ ने भागा, १.२० येतील. एखादीकडे भांडाराचं वेगळं काम असेल आणि त्याला वर्षाला ८४ तास लागत असतील तर त्याचे ०.०५ वरून मिळवा. गरज १.२५, हजर १, गुणोत्तर ०.८०. एकाच्या खाली म्हणजे माणूस कमी.

सेवेचा वेळ घड्याळ लावून मोजू नका. जिच्यावर दोन उपकेंद्रांचा भार आहे ती वीस मिनिटांचं काम आठ मिनिटांत उरकते; तुम्ही आठ लिहिलीत की गरजच कमी दिसते. पाच-सहा अनुभवी सेविका आणि आरोग्य सहायिकांना एकत्र बसवून 'नीट करायचं तर किती वेळ लागतो' हे विचारा.

लसीकरण कधीही बाळामागे धरू नका, सत्रामागे धरा. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसींचा डबा येतो, आइस पॅक बघायचे, यादी घेऊन आशाताईंनी बोलावणं करायचं, वजन, लस, कार्डावर नोंद, मग रेंज मिळेल तिथे मोबाइलवर नोंद, उरलेल्या लसी परत पाठवायच्या. बाळं दोन असोत की वीस, दिवस गेलाच. महिन्याला ४ सत्रं, प्रत्येकी ६ तास म्हटले तर वर्षाला २८८ तास, म्हणजे ०.१७ सेविका. गृहभेटीतही जाण्यायेण्याचा वेळ धरायलाच हवा, आणि पावसाळ्याचा वेगळा. गगनबावड्यात जून ते सप्टेंबरचा आकडा मार्चसारखा आला तर तुमच्या माहितीत गडबड आहे असं समजा.

सगळ्यात मोठा सापळा रिक्त पदांचा. जिथे सेविकाच नाही तिथे नोंदवहीत काम कमी दिसतं, कारण लोक मलकापूर-कोल्हापूरची वाट धरतात किंवा खासगीत जातात. झालेलं काम घेऊन गणित केलंत तर उत्तर येईल 'इथे माणूस कमी लागतो', आणि कुणीतरी ते पद खुशाल दुसरीकडे हलवेल. म्हणून काम दोनदा मोजा: एकदा नोंदवहीतून झालेलं, एकदा लोकसंख्या, जन्म आणि पात्र जोडप्यांवरून (मूल होण्याच्या वयातली जोडपी) अपेक्षित. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची नको, आशांच्या घरोघरच्या सर्वेक्षणाची घ्या. दोन्हींतली तफावत हीच तुमच्या प्रबंधातली सर्वांत कामाची गोष्ट ठरेल. आणि गुणोत्तर १.४ आलं तरी दुर्गम उपकेंद्रात किमान एक माणूस हवाच, हे स्पष्ट लिहा. ही पद्धत भार सांगते, अंतर सांगत नाही.

तुलनेसाठी शिरोळ किंवा हातकणंगल्याची एक-दोन उपकेंद्रं घेणार असाल तर ऊसतोडीच्या हंगामाचे महिने वेगळे काढा. टोळ्यांमधल्या गरोदर बाया आणि लहान पोरं गावाच्या लोकसंख्येत नसतात, पण सेविकेच्या कामात असतात.

आशांना या गणितात घालू नका. त्यांना कामागणिकही मोबदला मिळतो, ठरलेले तास नाहीत. त्यांची वेळेची नोंद स्वतंत्र ठेवा.

परवानगीचं आधी बघा, सहापैकी दीड-दोन महिने त्यातच जाऊ शकतात. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन कार्यालयं, दोन अर्ज. तुमच्या कॉलेजच्या नैतिकता समितीचं पत्र हातात असल्याशिवाय दोन्हीकडे जाऊ नका. मंजूर, भरलेली आणि प्रत्यक्ष हजर अशी तीन वेगळी आकडेवारी मागा. प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरती दुसरीकडे कामाला, गेलेली व्यक्ती कागदावर 'भरलेली' असते.

मुलाखतीत उपकेंद्राचं नाव लिहू नका. तिथे सेविका एक-दोनच असतात, नाव न देताही कोण ते ओळखू येतं.