लग्नाआधी १२ किलो

प्रश्न : वय २६, उंची १५७ सेंमी, वजन ६६ किलो. लग्नाला तीन महिने आहेत. ‘फोटोत बरं दिसेल’ म्हणून सासरहून १२ किलो उतरवण्याचा निरोप आलाय. जिममध्ये पावडरचे शेक आणि दिवसाला ७०० कॅलरी असा डाएट दिलाय. करू का?

उत्तर : मुळीच नको. एवढ्या कमी खाण्यात चरबीबरोबर स्नायूही झडतात, पाळी लांबू शकते. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केस गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे ऐन हळदीच्या सुमारास! आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की बहुतेकींचं वजन परत चढतं.

तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २६.८ येतो. भारतीयांसाठी २५पासून लठ्ठपणा धरतात, जागतिक निकषात ३०पासून. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३०च्या दशकात समाजाची सरासरी काढताना मांडलं, एकेकाची तब्येत जोखायला नव्हे. १९७२ साली अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही पुरुषांच्याच मोजमापांवरून. म्हणून कंबरही मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. ८० सेंमीच्या वर भरली तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, थायरॉइड तपासा. हिमोग्लोबिन तर कंबर कितीही असली तरी बघा. १२च्या खाली असेल तर आधी तो उपचार. तब्येतीसाठी वजन उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो पुरे. तीन महिन्यांत पाच-सहा किलो होतात, त्यापुढे ओढाताण नको.

आता त्या निरोपाबद्दल. नवऱ्या मुलाच्या पोटाची चौकशी तुमच्या घरून कुणी केली? सुपारी फुटली की मुलीचं शरीर दोन्ही घरांच्या बैठकीत येतं, मुलाचं येत नाही. दुखणं इथे आहे, कंबरेत नाही. सासूबाईंना उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला देऊ द्या : ‘आई, तिच्या वजनाचा विषय पुन्हा नको.’ तो कचरला, तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं.

ब्लाऊजला दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा आणि शेवटचं फिटिंग लग्नाच्या दहा दिवस आधी करा. शिंप्याचं तासाभराचं काम आहे.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलीने पोळी-भात सोडलाय, नुसती काकडी खाते. तीन महिने पाळी नाही. वयाचं खूळ म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या. जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, अंगावर बारीक लव दिसत असेल तर तेही सांगा. जागेपणी शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ५०च्या खाली असेल किंवा ती बेशुद्ध पडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुढे मानसोपचारतज्ज्ञही लागतील. ताटावरून भांडू नका, तिला रोज काट्यावर उभी करू नका. आणि ‘मी किती सुटलेय’ हे तिच्यादेखत म्हणणं घरातल्या सगळ्यांनीच थांबवा, आत्या-मावश्यांनीसुद्धा.