रोज ४२ किलोमीटर आणि महिन्यातून एकदा गाव: इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, आणि किती मोठी?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. छत्रपती संभाजीनगरात सिडकोला फ्लॅट, नोकरी वाळूज एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत. रोजचं जाणं-येणं ४२ किलोमीटर, महिन्यातून एकदा बीडजवळच्या गावी (एका बाजूने १३० किलोमीटर), सगळं मिळून महिन्याला १,३०० किलोमीटर. २०१४ ची पेट्रोल गाडी आता सारखी गॅरेजला जाते. विकली तर १ लाख ४० हजार येतील. दोघांचं मिळून हातात १ लाख १५ हजार. त्यातून गृहकर्जाचा हप्ता २७ हजार, एसआयपी १५ हजार, पेट्रोलसह घरखर्च ५८ हजार. एफडी ६ लाखांची. मुलगी अकरावीत. शोरूमची तीन कोटेशनं, सगळी ऑन रोड: पेट्रोल ऑटोमॅटिक १० लाख १० हजार, त्याच आकाराची इलेक्ट्रिक लहान बॅटरीत (२५ युनिट) ११ लाख ३० हजार, मोठ्या बॅटरीत (३५ युनिट) १३ लाख ४० हजार. मोठ्या बॅटरीची गाडी घ्यायचा विचार आहे. त्यासाठी एफडीतले ३ लाख काढायचे आणि ९ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी घ्यायचं. हे बरोबर आहे का?

उत्तर

इलेक्ट्रिक घ्या, पण लहान बॅटरीची घ्या. आणि पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय मंजूर झाल्याशिवाय बुकिंगचा एक रुपयाही देऊ नका.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही तुमच्या हिशेबात त्याचे पैसे धरले आहेत. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत मिळेल असं तुम्हाला शोरूममध्ये सांगितलं गेलं. ती कलम ८०ईईबीची सवलत. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच ती होती. आज घेतलेल्या कर्जाला ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर जुन्या कर्जालाही नाही. ती रक्कम हिशेबातून खोडून टाका. जीएसटीचंही चित्र बदललं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के तसाच राहिला. त्यामुळे दोन्हींतला किमतीचा फरक वाढला. म्हणून दोन वर्षांपूर्वीचे 'इतक्या वर्षांत पैसे वसूल' असे तक्ते आता उपयोगाचे नाहीत. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, तर १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के लागतो. तुमच्या इलेक्ट्रिकच्या कोटेशनमध्ये आरटीओच्या ओळीत मोठी रक्कम दिसत असेल तर ती कशाची, हे लेखी विचारा.

आता खर्चाकडे येऊ. पेट्रोल १०५ रुपये आणि ऑटोमॅटिकचं खरं अॅव्हरेज १५ धरलं तर किलोमीटरला ७ रुपये, म्हणजे महिन्याला ९,१००. इलेक्ट्रिकचं 'किलोमीटरला एक रुपया' हे वाक्य मात्र तुमच्या घरी खरं ठरणार नाही. बॅटरीतल्या एका युनिटवर गाडी साधारण साडेसहा किलोमीटर जाते, पण चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते. तुम्ही पैसे मीटरवर पडलेल्या युनिटचे भरता, म्हणून ५.९ किलोमीटरच धरा. महिन्याला २२० युनिट लागतील. त्यातले २० गावी, २०० सिडकोतल्या घरी.

खरी मेख महावितरणच्या टप्प्यांत आहे. तुमचा आजचा वापर १८० युनिटचा. त्यावर गाडीचे २०० चढले की तुम्ही ३८० वर जाता. गाडीचे पहिले १२० युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात पडतात, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा खर्च) आणि वीजशुल्क धरून साधारण १३ रुपयांनी. उरलेले ८० तीनशेच्या वरच्या टप्प्यात, साडेसोळा रुपयांच्या आसपास. म्हणजे २,९०० रुपये, आणि गावचे धरून महिन्याला ३,१००. किलोमीटरला जवळपास २ रुपये ४० पैसे. तरीही पेट्रोलपेक्षा महिन्याला ६,००० वाचतात, वर्षाला ७२ हजार. सर्व्हिसिंगमध्ये वर्षाला चार-पाच हजार वाचतील, पण गाडी महाग असल्याने विम्यात तेवढेच जास्त जातील. ते दोन्ही मी सोडून देतो.

मोठ्या बॅटरीची गाडी पेट्रोलपेक्षा ३ लाख ३० हजारांनी महाग आहे. चार्जिंगच्या सोयीचे ३५ हजार मिळवले की ३ लाख ६५ हजार. नुसता भागाकार केला तर पाच वर्षांत वसूल. पण हे पैसे कर्जाचे आहेत, ९ टक्क्यांचे. व्याज धरून मांडलं की वसुलीला सात वर्षं लागतात. बॅटरीची वॉरंटी सर्वसाधारणपणे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. तुमचं चालवणं ८ वर्षांत सव्वा लाख किलोमीटर होईल, म्हणजे किलोमीटरच्या आधी वर्षं संपतील. सातव्या वर्षी वसूल होणारी गाडी आठव्या वर्षी वॉरंटीबाहेर. मध्येच विकावी लागली तर इलेक्ट्रिक गाडीची जुन्या बाजारातली किंमत पेट्रोलपेक्षा वेगाने पडते, त्यामुळे तोटा नक्की. (ज्यांचं महिन्याचं चालवणं ६०० किलोमीटरच्या आत आहे, त्यांच्यासाठी तर साडेतीन लाखांच्या फरकावरचं वर्षाचं व्याज आणि इंधनातली बचत जवळपास सारखीच येते. त्यांनी या फंदात पडू नये.)

आता लहान बॅटरी पाहा. फरक १ लाख २० हजारांचा, सोयीसह १ लाख ५५ हजार. व्याज धरूनही अडीच-तीन वर्षांत वसूल. तुमचा आक्षेप पत्रातच आहे: गावाला जाताना पुरणार नाही. बरोबर आहे. २५ युनिटच्या बॅटरीवर एसी लावून, ताशी ८०-९० ने हायवेला १४०-१५० किलोमीटर मिळतात. १३० च्या प्रवासाला हे फार काठावरचं आहे. मे महिन्यातल्या उन्हात किंवा ताशी १०० च्या वेगाला तर आणखी कमी. तेव्हा वाटेत एकदा थांबावं लागेल, येतानाही एकदा. दर वेळी दहा युनिट, फास्ट चार्जरवर जीएसटीसह २३-२४ रुपये युनिट, म्हणजे एका फेरीला जाऊन-येऊन साधारण ५०० रुपये आणि दोन वेळा अर्धा-अर्धा तास. मोठ्या बॅटरीसाठी तुम्ही २ लाख १० हजार जास्त देणार आहात. वर्षाला १२ फेऱ्या, आठ वर्षांत ९६. एका फेरीत न थांबण्याची किंमत जवळपास २,२०० रुपये पडते. मला हा सौदा पटत नाही. महिन्यातले उरलेले २९ दिवस ती जादा दहा युनिटं नुसती वाहून न्यायची. पाच-सात वर्षांत बॅटरीची क्षमता दहा-वीस टक्क्यांनी उतरली तरी रोजच्या ४२ किलोमीटरला काही फरक पडणार नाही.

गावच्या घरी चार्जिंग होईल की नाही, हे गाडी घेण्याआधी तपासा. घर गावठाणात असेल तर रात्री चालून जाईल. शेतातल्या वस्तीवर कृषी फीडरची वीज असेल तर त्यावर विसंबू नका: वेळापत्रकाने येते आणि पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. चार्जर कमी व्होल्टेजला स्वतःहून बंद होतो आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली मिळते. दुसरी अडचण अर्थिंगची. गावाकडच्या बऱ्याच घरांत अर्थिंगची तार नावालाच असते, आणि इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर सुरूच होत नाही. मीठ-कोळसा घालून नवा अर्थिंग खड्डा करायला फार खर्च येत नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं.

सिडकोतल्या सोयीसाठी ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घेऊ नका. रोजच्या ४२ किलोमीटरला सात युनिट लागतात. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर अडीच-तीन किलोवॅटने ते तीन तासांत भरतात. ७.२ किलोवॅटला ३२ अँपिअर लागतात. मंजूर भार वाढवावा लागतो, केबल जाड लागते. पॉइंट मात्र नीट करा: मीटररूमपासून थेट स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की तोडणारा), पाणी साचलं तरी भिजणार नाही इतक्या उंचीवर औद्योगिक दर्जाचं सॉकेट. घरातलं साधं सॉकेट गीझरच्या अर्ध्या तासासाठी ठीक असतं. तीन-तीन तास सलग १३ अँपिअर ओढले की त्याच्या पत्त्या तापतात, सैल होतात आणि प्लग वितळतो. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको.

मीटर वेगळं घ्या, माझा आग्रह आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येते. ईव्ही चार्जिंगचा दर घरगुती वरच्या टप्प्यांपेक्षा कमी आहे. स्थिर आकारासह युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला ९०० वाचतात, आणि घरचं बिल आपल्या टप्प्यात राहतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. त्यात पार्किंगचा क्रमांक, लागणारा भार, वायर कुठून कशी जाणार याचा साधा नकाशा आणि परवानाधारक वायरमनचं नाव असू द्या. कमिटी नकार देते ती बहुतेक वेळा आगीच्या आणि सामायिक बिलाच्या भीतीने. वेगळं मीटर आणि आरसीसीबी लिहून दिलं की दोन्ही प्रश्न मिटतात. पार्किंग तुमच्या नावावर नसून 'ज्याला मिळेल त्याचं' असेल तर आधी ते ठरावात नोंदवून घ्या. हे झालं नाही तर माझा सल्ला उलटा होतो: घरी चार्जिंग नाही आणि सगळं फास्ट चार्जरवर, तर किलोमीटरला ४ रुपये पडतील. मग जेमतेम दोन-तृतीयांश बचतीसाठी आठवड्यातून दोनदा चार्जरपाशी ताटकळत बसावं लागेल.

पैशांची मांडणी अशी करा. मंजुरीला काही महिने जातील, तेवढे सहा महिने जुनी गाडी चालवा आणि तुमची शिल्लक, महिन्याला १५ हजार, आरडीत टाका. ९० हजार होतील. जुनी गाडी १ लाख ४० हजार, एफडीतून फक्त १ लाख. एकूण ३ लाख ३० हजार. गाडी आणि सोय मिळून ११ लाख ६५ हजार, कर्ज ८ लाख ३५ हजार, पाच वर्षं, ९ टक्क्यांनी हप्ता १७,३०० च्या आसपास. एकूण व्याज २ लाख ५ हजार. तुमच्या बेतात सात वर्षांचा हप्ता १४,५०० दिसायला हलका आहे, पण व्याज ३ लाख १६ हजार जातं, आणि एफडी ३ लाखांवर येते. खासगी नोकरी, गृहकर्ज आणि दोन वर्षांनी मुलीचा प्रवेश, अशा घरात ३ लाख म्हणजे जेमतेम तीन महिने. ५ लाख शिल्लक राहायलाच हवेत. माझ्या मांडणीतही हप्ते हातातल्या पगाराच्या ३८ टक्के होतात आणि महिनाअखेर चारेक हजारच उरतात; त्यातूनच विम्याचे वाढीव पैसे बाजूला काढा. एसआयपीला हात लावू नका, ती मुलीच्या फीची आहे.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्यायही तुम्ही विचारला आहे. एमजी कंपनीने २०२४ मध्ये विंडसर या इलेक्ट्रिक गाडीबरोबर ही पद्धत आणली. गाडीची किंमत कमी दिसते, पण बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन-चार रुपये असतं. त्यात वीज मिळवा, सहा रुपयांवर जातं. पेट्रोलचे सात. तुमच्या चालवण्याला यात काही उरत नाही.

टोलमाफी हिशेबात धरलेली नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीसाठी आहे. तुमचा बीडचा रस्ता त्यात नाही. विमा घेताना झिरो डेप्रिसिएशनबरोबर (भरपाईतून सुट्या भागांची घसारा कापत नाहीत ते कव्हर) बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्या. गाडीच्या पोटाला दगड लागून बॅटरीला इजा झाली तर ती वॉरंटीत बसत नाही, आणि गावाकडच्या रस्त्यांवर हा धोका खरा आहे.

एक गोष्ट पत्रात नाही: कंपनीची बस. वाळूजच्या अनेक कंपन्यांच्या बस सिडकोतून सुटतात. तुमच्या पाळीला बस मिळत असेल आणि आठवड्यातले चार दिवस तिने जाणं जमत असेल, तर चालवणं महिन्याला सहा-सातशे किलोमीटरवर येतं. तेवढ्यासाठी कोणतीच नवी गाडी घेऊ नका. जुनीवर तीस-चाळीस हजार खर्च करून ती मुलीच्या प्रवेशापर्यंत वापरा. तिची नोंदणी २०२९ पर्यंत आहे.